अवचित पडलेली गाठ

मराठीत ‘गाठ’ हा शब्द दोन कामे करतो. वर्षानुवर्षे न दिसलेला शाळासोबती विरार स्टेशनच्या पुलावर समोर आला, तर त्याची गाठ पडते. आणि अंगात कुठे न सांगता काही वाढले, तर तीही गाठच. पहिलीने माणूस हरखतो, दुसरीने हबकतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतली गाठ मात्र बहुतेक वेळा दोन्ही अर्थांनी गाठ असते. तिला शोधायला कोणी निघालेले नसते. ती वाटेत पडते.

विरारच्या फुलपाड्यातला पन्नाशीचा एखादा गृहस्थ डोळ्यांपुढे आणू. पापडखिंड धरणाच्या वाटेवर घर, रोज सकाळी चर्चगेटची फास्ट. एका रात्री कमरेतून जांघेकडे अशी कळ उतरते की उभे राहवत नाही. डॉक्टर म्हणतात मुतखडा असेल, सीटी केयूबी करून या. रिपोर्टमध्ये सहा मिलिमीटरचा खडा निघतो आणि त्याखाली एक जादा ओळ : डाव्या ॲड्रिनल ग्रंथीत 18 मिलिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी. खडा आठवडाभरात पडून जातो. ओळ राहते.

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो एमआरआय करा, त्यात सगळे स्पष्ट दिसते. दुसरा म्हणतो थेट पेट स्कॅन करा, एकदाचा सोक्षमोक्ष. तिसरा सुचवतो, सुई घालून तुकडा काढून बघा. चौथ्याला कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे शिरेत रंगद्रव्य सोडून काढलेला, सीटी हवा असतो. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या काळी शहाणपणाचा होता किंवा तसा वाटत होता. तो कधी आला आणि कशाने मागे पडला, हे कळले तर त्या ओळीचे ओझे बरेच हलके होते.

ही ग्रंथी पहिल्यांदा नीट पाहिली ती रोममध्ये बार्तोलोमिओ युस्ताची या शरीरशास्त्रज्ञाने, 1563 साली. मूत्रपिंडांवर टेकलेल्या ग्रंथी, एवढेच त्याने त्यांचे वर्णन केले. त्या कशासाठी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच वर्षी गोव्यात गार्सिया द ऑर्ताचा औषधींवरचा ग्रंथ छापून निघाला. मुंबईचे बेट तेव्हा ऑर्ताकडे भाडेपट्ट्याने होते आणि वसईवर पोर्तुगीजांचे निशाण फडकत होते. युस्ताचीच्या तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेल्या आकृत्या पुढे दीडशे वर्षे अडगळीत पडल्या आणि 1714 मध्ये छापल्या गेल्या. या ग्रंथीच्या वाट्याला सुरुवातीपासून दुर्लक्षच आले.

1855 मध्ये लंडनच्या थॉमस ॲडिसनने अकरा रोग्यांची हकीकत मांडली. अंगात त्राण नाही, कातडी काळवंडलेली, अखेर मृत्यू. आणि शवविच्छेदनात या ग्रंथी नासलेल्या. पुष्कळांच्या बाबतीत कारण क्षय होते. आपल्याकडे हा धडा अजून जुना झालेला नाही. दोन्ही बाजूंच्या ॲड्रिनल सुजलेल्या दिसल्या की इथला डॉक्टर आजही आधी क्षयाचा, मग बुरशीच्या संसर्गाचा विचार करतो आणि नंतर बाकीचा.

ॲडिसननंतर बारा वर्षांनी, 12 एप्रिल 1867 रोजी, विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली. दिवसातून जायला एक, यायला एक. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे अवघड दुखणे म्हणजे ही गाडी पकडून मुंबई गाठणे, हे या भागाचे गणित राहिले.

8 नोव्हेंबर 1895 रोजी राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाच्या आत डोकावता येऊ लागले. हाडे दिसली, खडे दिसले. ॲड्रिनल दिसली नाही. चार-पाच ग्रॅमची ही ग्रंथी पाठीमागे चरबीत रुतलेली. पुढे आतडी, वर यकृत आणि प्लीहा. क्षयाने तिच्यात चुना साठला असेल तर पांढरे ठिपके तेवढे उमटायचे. 1926-27 मध्ये लोझानला सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी रक्तदाबाचे झटके आणणारी फिओक्रोमोसायटोमाची गाठ यशस्वीपणे काढली. मेयोला तर गाठ आहे हे पोट उघडल्यावरच कळले. परळचे केईएम रुग्णालय 1926 मध्येच उभे राहिले. जगातल्या उत्तमोत्तम शल्यविशारदांना या ग्रंथीपुरते अंदाजाने काम करावे लागत होते, तो हा काळ.

क्ष-किरणांना ती दिसत नसेल तर तिच्याभोवती हवा भरू, अशी शक्कल 1921 मध्ये निघाली. ब्युनोस आयर्सला कारेली आणि बर्लिनला रोझेनश्टाइन यांनी पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाभोवतीच्या चरबीत वायू सोडला. वायू फिल्मवर काळा उमटतो आणि त्या काळ्या पडद्यावर मूत्रपिंडाची व ॲड्रिनलची कड उठून दिसते. न्यूयॉर्कच्या जॉर्ज केहिलने 1935 मध्ये खास ॲड्रिनलच्या गाठींसाठी ही पद्धत वापरली. पुढे 1947 च्या सुमारास रुईझ रिवास या स्पॅनिश डॉक्टरने सुईची जागा बदलली. माकडहाडाजवळून वायू सोडायचा आणि रोग्याला असे ठेवायचे की तो आपोआप वर चढून दोन्ही ग्रंथींना वेढेल. युक्ती डोकेबाज होती, पण जिवावरची. वायूचा बुडबुडा शिरेत शिरून हृदयापर्यंत गेला की रोगी टेबलावरच दगावे. असे मृत्यू झाले. बहुधा निरुपद्रवी असणाऱ्या गाठीची कड पाहण्यासाठी माणूस पणाला लावला जात होता.

नंतर रक्तवाहिन्यांची वाट धरली गेली. 1950 आणि 60 च्या दशकांत जांघेतून नळी सरकवून ॲड्रिनलच्या धमनीत, नाहीतर शिरेत, रंगद्रव्य सोडून फोटो घेऊ लागले. डावी शीर मूत्रपिंडाच्या मोठ्या शिरेला मिळते म्हणून सापडते. उजवी आखूड, थेट महाशिरेत उघडणारी, ती हाती लागणे कसबाचे काम. रंगद्रव्याचा जोर जरा जास्त झाला की नाजूक ग्रंथीत रक्तस्राव होई. गाठ फिओक्रोमोसायटोमाची निघाली तर रक्तदाब आभाळाला भिडे. चित्रासाठी म्हणून ही पद्धत पुढे बंद पडली, पण तिचा एक धागा टिकला. ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे हॉर्मोन जादा पाझरून रक्तदाब वाढत असेल, तर दोन्ही शिरांतले रक्त वेगवेगळे काढून कोणती बाजू दोषी हे आजही ठरवतात, कारण तिथे नुसत्या चित्रावर विसंबले तर चुकीची बाजू कापली जाण्याची भीती असते.

हा अल्डोस्टेरॉनचा आजार ओळखला मिशिगन विद्यापीठाच्या जेरोम कॉनने, 1954 मध्ये. त्याच विद्यापीठात, ॲन आर्बर गावी, विल्यम बायरवॉल्टिस यांच्या चमूने वेगळाच प्रश्न विचारला. ग्रंथी दिसत नाही ना, मग तिला काय लागते ते बघू. ॲड्रिनलचा बाहेरचा थर कोलेस्टेरॉलपासून हॉर्मोन बनवतो, म्हणून पेशींत त्याचा साठा करून ठेवतो. कोलेस्टेरॉलला किरणोत्सारी आयोडीन चिकटवून टोचले तर ते आपणहून तिथे जाऊन बसेल. 1970 च्या आगेमागे ते खरोखरच बसले. दहा वर्षांनी तिथल्याच मंडळींनी ग्रंथीच्या आतल्या गाभ्यासाठी, म्हणजे फिओक्रोमोसायटोमासाठी, एमआयबीजी हे द्रव्य बनवले. पहिल्यांदाच चित्रावरून गाठीचा आकारच नव्हे, तर उद्योग कळू लागला.

मुंबईला हे शास्त्र परके नव्हते. 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्यात ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली होती आणि 1963 पासून परळला, टाटा रुग्णालयाच्या परिसरात, अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर चालू होते. थायरॉइडसाठी आयोडीनचा स्कॅन हे तिथले रोजचे काम. एमआयबीजीसुद्धा पुढे देशात, अणुऊर्जा खात्याच्याच ‘ब्रिट’ या संस्थेत तयार होऊ लागले. देशातले पहिले पेट स्कॅनर आणि वैद्यकीय सायक्लोट्रॉनही 2002 मध्ये परळच्याच केंद्रात आले. शेजारच्या केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागाने फिओक्रोमोसायटोमावर वर्षानुवर्षे काम केले आहे. विरारच्या रोग्यासाठी या साऱ्याचा पत्ता तेव्हा एकच : फास्ट लोकलने दादर, तिथून परळ, बगलेत फिल्मचा खाकी लिफाफा.

पण खरा पालट आणला तो सीटीने. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनजवळच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचा मेंदू पाहिला. हाउन्सफिल्ड ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीत अभियंता होते. यंत्र सुरुवातीला डोक्यापुरतेच होते, काही वर्षांतच ते पोटावर आले. आता ॲड्रिनल चरबीच्या करड्या गादीवर उलट्या ‘वाय’च्या आकारात स्वच्छ दिसू लागली. इतकी वर्षे जी चरबी तिला लपवत होती, तीच आता तिला उठाव देत होती.

आणि मग नको तितके दिसू लागले. कोणाचा खडा, कोणाचे स्वादुपिंड, कोणाचा अपघात यासाठी सीटी काढावा आणि ॲड्रिनलला गाठ निघावी. 1982 मध्ये अमेरिकेतल्या गीलहोड आणि ड्रुई यांनी या प्रकाराला इन्सिडेंटलोमा हे नाव रूढ केले. आपण तिला अवचित गाठ म्हणू. पोटाच्या सीटीत शंभरातल्या चारेक जणांत ती सापडते आणि उतारवयात त्याहून जास्त. बहुतेक गाठी म्हणजे ॲडिनोमा : ग्रंथीच्या बाहेरच्या थराची साधी, न पसरणारी वाढ. पण थोड्या फिओक्रोमोसायटोमा निघतात आणि फार थोड्या कर्करोगाच्या. प्रश्न उलटा झाला. आधी गाठ दिसत नव्हती. आता दिसते, पण ती कोण हे कळत नाही.

सुई घालावी असे वाटणे साहजिक होते. पण फिओक्रोमोसायटोमाला सुई टोचणे म्हणजे मोहोळावर दगड मारणे. आणि ॲडिनोमाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी ग्रंथीसारखाच दिसतो, त्यामुळे हाती फारसे लागतही नाही.

उत्तर चित्रात आधीपासून होते. सीटीचे चित्र म्हणजे मुळात आकड्यांचा तक्ता. हाउन्सफिल्डच्या मोजपट्टीवर पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास. ॲडिनोमाच्या पेशी कोलेस्टेरॉलचा साठा बाळगून असतात, म्हणून ती गाठ स्निग्ध आणि हलकी. लोण्याचा गोळा ताकावर तरंगतो, तसा तिचा आकडा पाण्याच्या जवळ किंवा खाली येतो. 1991 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी हे मोजून दाखवले. 1998 मध्ये बोलंड आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा दहा हा आकडा पुढे आला. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीत गाठ दहा किंवा त्याहून कमी भरली, तर ती ॲडिनोमा नसण्याची शक्यता अगदी नगण्य. मात्र ॲडिनोमांपैकी तीनेक दशांश कमी चरबीच्या असतात आणि दहाच्या वर भरतात. कमी आकडा निर्दोष ठरवतो. जास्त आकडा दोषी ठरवत नाही.

एमआरआयने 1992 पासून हीच चरबी दुसऱ्या वाटेने शोधली. पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकात किंचित वेगळ्या गतीने डोलतो. एका पाळण्याला दोघांनी एकाच वेळी झोका दिला तर तो उंच जातो. एकाने ढकलताना दुसऱ्याने ओढले तर जागीच थबकतो. यंत्र दोन्ही क्षणांचे चित्र घेते. पेशींत चरबी आणि पाणी शेजारी नांदत असतील, तर दुसऱ्या चित्रात गाठ काळवंडते. म्हणजे ॲन आर्बरचे आयोडीन, बॉस्टनचा आकडा आणि एमआरआयची काळी सावली, तिन्ही एकाच कोलेस्टेरॉलच्या मागावर निघालेल्या वाटा. म्हणूनच साध्या सीटीत आकडा कमी आला असेल, तर एमआरआय नवे काही सांगत नाही. गरोदर बाईसाठी किंवा लहान मुलासाठी किरणे टाळायची असतील तेव्हा त्याचे खरे मोल.

कमी चरबीच्या गाठींसाठी 1990 च्या दशकात वॉशआउटची पद्धत आली, तीही मिशिगनहून. आधी साधा सीटी, मग कॉन्ट्रास्ट देऊन एका मिनिटाने, मग पंधरा मिनिटांनी. समजा गाठ आधी 25 होती, कॉन्ट्रास्टने 85 झाली आणि पंधरा मिनिटांनी 45 वर आली. साठ चढली, त्यातले चाळीस उतरले, म्हणजे 67 टक्के. साठच्या वर असेल तर ॲडिनोमा, असा 2002 पासूनचा हिशेब. काही वर्षे हा हिशेब प्रमाण मानला गेला. पुढे दिसले की काही फिओक्रोमोसायटोमा आणि मूत्रपिंड वा यकृताच्या कर्करोगातून आलेल्या काही गाठीही तितक्याच झपाट्याने धुऊन निघतात. पद्धत राहिली, तिचा तोरा उतरला. पेट स्कॅनचेही तसेच. कर्करोगाचा पूर्वइतिहास असलेल्या माणसात तो मोलाचा, पण काही गरीब ॲडिनोमाही त्यात उजळतात आणि घरात नसते वादळ उठते.

पुढचे वळण सगळ्यांच्या आठवणीतले आहे. 2020-21 मध्ये एचआरसीटी हा शब्द वसई-विरारच्या घराघरांत गेला. पंचवीसपैकी स्कोर किती, हे लोक परीक्षेच्या गुणांसारखे विचारत. सप्टेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने त्याचे दर बांधून दिले, यंत्राच्या क्षमतेनुसार दोन ते तीन हजार रुपये. छातीच्या सीटीचे शेवटचे काप पोटाच्या वरच्या भागात उतरतात आणि तिथेच ॲड्रिनल बसलेली असते. फुप्फुसासाठी गेलेल्या माणसाची ॲड्रिनलच्या गाठीशी गाठ पडण्याची नवी वाट उघडली. यंत्रे स्टेशनजवळ आली होती. परळ आता पहिला नव्हे, शेवटचा मुक्काम झाला होता.

या सगळ्या अनुभवाचा अर्क 2016 च्या आणि मग 2023 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत उतरला आहे. गाठ एकसारखी असेल आणि साध्या सीटीत दहा किंवा कमी भरत असेल, तर पुढे एकही स्कॅन नको. 2016 मध्ये त्याला चार सेंटिमीटरची अट होती, 2023 मध्ये तीही गेली. आकडा अकरा ते वीस, गाठ एकसारखी आणि चार सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर आणखी एक तपासणी किंवा वर्षाने फेरफोटो. मोठी, वीसच्या वरची, ओबडधोबड असेल तर शस्त्रक्रियेचा विचार. नुसती चरबीच भरलेली मायलोलिपोमा किंवा पाण्याची पुटी असेल तर चित्रच बोलते. सोनोग्राफी या कामाला अपुरी : उजवीला यकृताची खिडकी मिळते, डावीपुढे पोटातला वायू पडदा धरतो.

एक गोष्ट मात्र कोणताही आकडा सांगत नाही. ॲडिनोमा कर्करोगाची नसूनही चोरून कॉर्टिसॉल हे हॉर्मोन पाझरत असू शकते. त्यासाठी रात्री अकराला डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी रक्त. रक्तदाब असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही. गाठ दहाच्या वर असेल तर फिओक्रोमोसायटोमा नाही ना हे पाहायला मेटानेफ्रिन. स्कॅन गाठीचा स्वभाव सांगतो. तिचे उद्योग रक्त सांगते.

आता फुलपाड्यातल्या त्या गृहस्थाकडे परत जाऊ. मुतखड्यासाठी काढलेला सीटी केयूबी कॉन्ट्रास्टशिवायच काढतात, कारण कॉन्ट्रास्टच्या पांढऱ्या रंगात पांढरा खडा बुडतो. म्हणजे गाठीचा निकाल लावणारी तपासणी त्याची आधीच झालेली आहे. रिपोर्टच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात, सीडीवर ती पडून आहे. एमआरआय, पेट, कॉन्ट्रास्ट यांच्या चौकशा करत तो हिंडत असतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. रेडिओलॉजिस्टने सीडी लावावी, गाठीवर माऊसने एक छोटा गोल काढावा, कडेची चरबी आत येणार नाही इतपत आत. पडद्यावर आकडा उमटतो. समजा, चार.

एवढ्या एका गोलासाठी पाठीत सुया गेल्या, वायूने माणसे दगावली, शिरा फुटल्या, अणुभट्टीतले आयोडीन कोलेस्टेरॉलला चिकटवावे लागले. आता राहते एक गोळी आणि सकाळचे रक्त. तेही ठीक आले की फाइल मिटायची. पुलावर गाठ पडलेल्या शाळासोबत्याचे तरी वेगळे काय होते? चेहरा आठवतो, नाव आठवते, दोन शब्द होतात आणि जो तो आपली गाडी पकडतो.